ढगात वाट हरवते तेव्हा: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

लहान विमानं आणि खराब हवा या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं एका इंजिनाच्या, दोन ते चार आसनांच्या विमानांपुरती आहेत आणि जमीन व क्षितिज बघून उडणाऱ्या, म्हणजे व्हीएफआर वैमानिकांसाठी आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे विमानाचा वेग ९० नॉट, म्हणजे तासाला ९० सागरी मैल, धरला आहे. तुमच्या विमानाची पुस्तिका काही वेगळं सांगत असेल तर पुस्तिकेचंच ऐकावं.

प्रश्न: आता प्रत्येक वैमानिकाच्या मांडीवर जीपीएसचा नकाशा असतो. तरीही खराब हवेत माणसं वाट चुकतात, हे कसं?

हरवण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिल्या प्रकारात विमान व्यवस्थित उडत असतं, फक्त खाली दिसणारं गाव कोणतं ते कळत नाही. दुसऱ्यात पंख सपाट आहेत की कललेले, नाक वर आहे की खाली, हेच कळत नाही. पहिल्या प्रकारात टाकीत इंधन असेपर्यंत वेळ असतो. दुसऱ्यात काही सेकंद, फार तर काही मिनिटं. जीपीएसने पहिला प्रकार बराच कमी केला, पण दुसऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. १६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचं पायपर साराटोगा मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळलं. वादळ नव्हतं. अंधारी रात्र, खाली पाणी आणि हवेत धूसरपणा, त्यामुळे क्षितिज दिसेना. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने कारण दिलं ते दिशाभान सुटल्याने विमानावरचा ताबा जाणं, हे.

उलट जीपीएस थोडं नुकसानही करतं. पडद्यावरची रेघ थेट मुक्कामापर्यंत जाते, वाटेतला ढग त्या रेघेला माहीत नसतो. पूर्वी जो वैमानिक वाट चुकायच्या भीतीने लवकर मागे फिरायचा, तो आता आणखी दहा मैल पुढे घुसतो. पडद्यावर येणाऱ्या हवामान रडारच्या चित्रावरही फार विसंबू नये. अनेक रडारांची चित्रं जोडून ते बनतं, त्यात वेळ जातो. पडद्यावर 'एक मिनिटापूर्वीचं' असं दिसलं तरी आतली माहिती १५ ते २० मिनिटं जास्त जुनी असू शकते, असा इशारा एनटीएसबीने २०१२ मध्ये दिला होता. एवढ्या वेळात गडगडाटी ढग बराच सरकतो. त्या चित्रावरून वादळाला लांबून वळसा घालावा, दोन ढगांमधली फट शोधायला ते वापरू नये.

प्रश्न: अनुभवी वैमानिकालाही ढगात विमान सरळ ठेवता येत नाही म्हणतात. डोळे मिटूनसुद्धा आपल्याला आपण कललोय हे कळतंच की!

जमिनीवर कळतं. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यातला द्रव हलला की मेंदूला वळण जाणवतं. पण वळण एकाच गतीने चालू राहिलं की दहा-वीस सेकंदांत द्रव नलिकेबरोबरच फिरू लागतो आणि वळल्याची जाणीव संपते. सेकंदाला साधारण २ अंशांपेक्षा हळू सुरू झालेला कल तर मुळात जाणवतच नाही. भरीला, समतोल वळणात शरीराचं वजन नेहमीसारखं थेट आसनातच दाबलं जातं. त्यामुळे 'खाली' कुठे आहे हे आसनावरूनही कळत नाही.

आता पुढचं पाहा. विमान नकळत एका बाजूला कलतं. कललेल्या पंखाचं वर उचलणारं बळ कमी पडतं, नाक खाली जातं, वेग वाढतो. वैमानिकाला वाऱ्याचा आवाज वाढलेला ऐकू येतो, उंची घटताना दिसते, म्हणून तो कंट्रोल, म्हणजे हातातलं सुकाणू, मागे ओढतो. पण पंख कललेले असताना ओढल्याने विमान वर येत नाही, वळण आणखी आवळतं. हीच घसरती फिरकी. कोणी मध्येच पंख सपाट केले तर कान सांगतो की आपण आता उलट बाजूला वळतोय, आणि वैमानिक पुन्हा जुन्या कलाकडे जातो.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचा, म्हणजे फक्त उपकरणं बघून उडण्याचा, अनुभव नसलेल्या २० जणांना बीचक्राफ्ट बोनान्झा विमानात, बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवायला दिलं. शेजारी अर्थातच प्रशिक्षक होते. १९ जण फिरकीत गेले, एकाने विमान स्टॉल केलं, म्हणजे नाक इतकं वर नेलं की पंखांचं उचलणारं बळच गेलं. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. सर्वांत कमी वेळ २० सेकंदांचा होता. हा आकडा सगळे सांगतात, पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग जास्त उपयोगाचा आहे. त्याच लोकांना ठरावीक पद्धत शिकवली: वेग कमी करून ट्रिम बांधायचा (हात न लावताही विमान सरळ राहील असं जुळवायचं), हात कंट्रोलवरून काढायचे आणि केवळ रडरने, म्हणजे पायाने चालणाऱ्या शेपटीच्या सुकाणूने, हळू वळून मागे यायचं. नंतरच्या ६० चाचण्यांत ५९ वेळा ती जमली. चांगलं ट्रिम केलेलं लहान विमान स्वतः होऊन बऱ्यापैकी सरळ उडतं, ढगात त्याला बिघडवतो तो घाबरलेला हात.

फिरकीत गेलंच तर क्रम पक्का हवा. आधी थ्रॉटल मागे (इंजिनाची ताकद कमी), मग पंख सपाट, आणि शेवटी हलक्या हाताने नाक वर. आधी ओढलं तर विमानावरचा भार वाढत जातो. ६० अंशांच्या कलात उंची धरून ठेवली तरी भार दुप्पट होतो, आणि फिरकीत वेग मर्यादेच्या वर गेलेला असतो. काही विमानं जमिनीवर आदळण्याआधी हवेतच मोडली आहेत, ती अशीच.

प्रश्न: प्रशिक्षणात आहे. सोलो उड्डाणात चुकून ढगात शिरलो तर पहिल्या दोन मिनिटांत नेमकं काय करायचं?

पहिले दहा सेकंद बाहेर पाहायचं नाही. नजर ॲटिट्यूड इंडिकेटरवर (विमानाचा कल आणि नाकाची स्थिती दाखवणारं उपकरण), पंख सपाट, नाक क्षितिजरेषेवर, पॉवर होती तिथेच. कंट्रोल दोन बोटं आणि अंगठ्यात धरावा. मूठ आवळली की विमान कलतं. हात सोडल्यावर विमान वर-खाली जात असेल तर ट्रिम करावं.

मग एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: या उंचीवर आसपास डोंगर आहे का? असेल, किंवा खात्री नसेल, तर वळण्याआधी चढायचं. पूर्ण पॉवर, पुस्तिकेतला चढण्याचा वेग, पंख सपाट. त्या भागाची सुरक्षित उंची उड्डाणाआधीच नकाशावर लिहिलेली असली पाहिजे, ढगात बसून ती काढता येत नाही.

डोंगराची भीती नसेल तर मागे फिरायचं, कारण मागे उजेड होता हे तुम्हाला माहीत आहे. डायरेक्शनल जायरोवर, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या तबकडीवर, काढलेल्या छोट्या विमानाच्या शेपटाखाली जो आकडा दिसतो तीच तुमची परतीची दिशा. बेरीज-वजाबाकी नको. कल १५ अंश, जास्त नाही. या कलात ९० नॉट वेगाला साधारण सेकंदाला ३ अंशांचं वळण मिळतं, म्हणजे अर्धं वर्तुळ एका मिनिटात. घड्याळ लावावं. परतीच्या दिशेच्या ५ ते ७ अंश आधी पंख सपाट करायला घ्यावेत. वळताना उंची शंभर फूट इकडे-तिकडे झाली तर तिचा पाठलाग करू नये. सगळ्यात मोठी चूक म्हणजे उंची सावरताना कल विसरणं. नजर दर दोन-तीन सेकंदांनी ॲटिट्यूड इंडिकेटरवर परत आली पाहिजे.

ऑटोपायलट असेल आणि तुम्हाला तो चालवता येत असेल तर पंख सपाट झाल्यावर लगेच लावावा. साधा पंख सपाट ठेवणारा प्रकारसुद्धा चालतो. त्यात कमीपणा काही नाही. पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीत बर्फ धरू न देणारी) चालू करावी.

रेडिओ यानंतर. शब्द स्पष्ट हवेत: 'विद्यार्थी वैमानिक, इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही, ढगात आहे, मदत हवी.' नुसतं 'हवा थोडी खराब आहे' असं म्हटलं तर जमिनीवरच्या कंट्रोलरला तुमची अडचण कळणार नाही आणि तो तुम्हाला फ्रीक्वेन्सी बदला, कोड बदला असं सांगत राहील. वळणात असताना मान खाली घालून नॉब फिरवणं किंवा पडलेलं पेन उचलणं हे ढगातलं सगळ्यात धोक्याचं काम. डोकं हललं की कानातल्या दुसऱ्या नलिका जाग्या होतात आणि विमान गरकन पालथं होतंय असं वाटतं. 'याच फ्रीक्वेन्सीवर राहतो' म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

आणखी एक. उपकरणं बघायला सांगितली, पण ती चालू आहेत का? बऱ्याच जुन्या विमानांत ॲटिट्यूड इंडिकेटर आणि डायरेक्शनल जायरो व्हॅक्यूम पंपावर चालतात. गेज साधारण ४.५ ते ५.५ इंच पाऱ्यावर हवा. पंप बंद पडला की जायरो लगेच थांबत नाही, हळूहळू मंदावतो आणि इंडिकेटर सावकाश एका बाजूला झुकतो. बाहेर काही दिसत नसेल तर वैमानिक त्याच्या मागोमाग विमान कलवतो. वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर बहुतेक वेळा विजेवर चालतो तो याचसाठी. दोघांचं पटत नसेल तर थांबून गेज बघावा. आणि विमान बदललं तर ते उपकरण कसं दाखवतं हे जमिनीवरच बघून घ्यावं. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवात संगीतकार बडी हॉली ज्या बोनान्झात होता, त्यातला स्पेरी एफ-३ जायरो नाकाची वर-खाली स्थिती नेहमीच्या उपकरणाच्या उलट दाखवायचा. चौकशी अहवालाने मुख्य ठपका ठेवला तो इन्स्ट्रुमेंटवर उडण्याची पात्रता नसताना अशा हवेत निघण्याच्या निर्णयावर, पण या अनोळखी उपकरणाचाही वाटा नोंदवला.

प्रश्न: मागे कधी फिरायचं हे कसं ठरवायचं? प्रत्येक वेळी वाटतं, पुढे उघडेल.

हवेत ठरवायचं नाही, हाच नियम. निघण्याआधी कागदावर दोन आकडे लिहा: ढगांचा तळ इतक्यापेक्षा खाली आला किंवा दृश्यमानता इतकीपेक्षा कमी झाली तर फिरणार. नव्या वैमानिकाने जमिनीपासून २,००० फूट आणि ८ किलोमीटर धरावं असं आमचं मत. कायद्याचे आकडे याहून कमी आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांत १०,००० फुटांखाली ५ किलोमीटर दृश्यमानता, ढगापासून आडवं १,५०० मीटर आणि उभं १,००० फूट अंतर लागतं. कंट्रोल नसलेल्या हवाई हद्दीत कमी उंचीवर तर ढगाबाहेर राहून जमीन दिसली तरी पुरतं. पण ती कायद्याची किमान हद्द आहे. ९० नॉटला तुम्ही सेकंदाला ४६ मीटर जाता. ५ किलोमीटर म्हणजे १०८ सेकंद. १,५०० मीटर म्हणजे ३२.

उंची दुसऱ्यांदा कमी करावी लागली की फिरायचं. पहिल्यांदा कमी केली ती गरज असेल. दुसऱ्यांदा कमी करताना तुम्ही ढगाच्या इच्छेने उडत असता. याखेरीज समोरची क्षितिजरेषा पुसट होऊन जमीन फक्त खाली, तिरकी दिसायला लागली, तर आकडे काहीही म्हणोत, फिरा. रात्री ढग दिसत नाही. समोरचे गावांचे दिवे एक-एक करून विझायला लागले तर तिथे ढग किंवा डोंगर आहे असं समजा.

हवामानाचा अहवाल वाचताना दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं, विमानतळाच्या अहवालातला ढगाचा तळ त्या विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेला असतो, पण नकाशावरच्या डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून असते. विमानतळ १०० फुटांवर आणि ढग १,५०० फुटांवर असेल, आणि वाटेत १,३०० फुटांची धार असेल, तर ढगाचा तळ सगळीकडे सारखा धरला तरी धारेवर उरतात ३०० फूट. शिवाय डोंगरावर चढणाऱ्या हवेत ढग खालीच बसतो. दुसरं, तापमान आणि दवबिंदू. दोन्हींत जितक्या अंश सेल्सिअसचा फरक, त्याला ४०० ने गुणलं की फुगीर ढगांच्या तळाचा अंदाज फुटांत मिळतो. २४ आणि २० असेल तर सुमारे १,६०० फूट. संध्याकाळी हा फरक २-३ अंशांवर येऊन घटत असेल आणि वारा पडला असेल, तर सूर्य मावळल्यावर विमानतळावर धुकं येणार हे गृहीत धरा. पूर्वानुमानात 'निरभ्र' लिहिलं असलं तरी.

खराब हवेत बहुधा हवेचा दाब उतरत असतो. दाबावरून उंची दाखवणारा ऑल्टिमीटर निघताना लावला तसाच ठेवला आणि वाटेत दाब १० हेक्टोपास्कलने कमी झाला, तर विमान दाखवतं त्यापेक्षा जवळजवळ ३०० फूट खाली असतं. वरच्या उदाहरणातले सगळे फूट यातच गेले. दर अर्ध्या तासाने जवळच्या केंद्राकडून दाब मागून घ्यावा.

प्रश्न: ढग खाली आले तर रेल्वेमार्ग किंवा हमरस्ता धरून खालून जाता येतं असं जुने लोक सांगतात. योग्य आहे का?

सपाट मुलखात, ओळखीच्या मार्गावर, थोडं अंतर उरलं असेल आणि मागचा रस्ता बंद झाला असेल तर शेवटचा उपाय म्हणून. एरवी नाही. रेल्वे बोगद्यात शिरते. रस्ता खिंडीत चढतो आणि ढग तिथे टेकलेला असतो. दऱ्या ओलांडणाऱ्या विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत, दिसतात ते त्यांचे खांब. म्हणून तार ओलांडायची तर खांबाच्या डोक्यावरून ओलांडावी.

असं उडावंच लागलं तर आधी वेग कमी करा. ९० नॉट आणि ३० अंश कल यात उलट फिरायला सुमारे ७६० मीटर रुंद जागा लागते. ७० नॉटला ती ४६० मीटर होते. वेग पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त घटवला आणि जागा चाळीस टक्क्यांनी कमी लागली, कारण त्रिज्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. एक खाच फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची झडप) सोडला की त्या वेगाला नाक खाली राहतं आणि समोरचं जास्त दिसतं. दिवे चालू ठेवा. रस्ता तुमच्या डाव्या हाताला राहील असे उडा, कारण डाव्या आसनावरून तो दिसतो आणि समोरून तसंच कोणी येत असेल तर दोघं एकमेकांना चुकवतात. दरीत कधीच मधोमध उडू नये. एका कडेला राहिलं तर वळायला पूर्ण रुंदी मिळते, मधोमध राहिलं तर अर्धीच. दरी चढत आणि अरुंद होत जात असेल तर पहिल्या वळणाआधीच फिरा.

प्रश्न: खालून उडताना इंजिनाचे आरपीएम आपोआप कमी झाले आणि नंतर पूर्ववत झाले. हे ढगामुळे का?

कार्ब्युरेटरमधला, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागातला, बर्फ असणार. त्याला थंडी लागत नाही, ओलावा लागतो. कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवा पसरते, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान एकदम २०-२५ अंशांनी किंवा जास्त उतरतं. बाहेर २० अंश असतानाही दमट हवेत बर्फ धरतो, आणि थ्रॉटल कमी असताना जास्त. ढगाखालची ओलसर हवा आणि कमी केलेली पॉवर, दोन्ही तुमच्याकडे होतं. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) पूर्ण ओढा, अर्धवट नाही. बर्फ वितळून पाणी इंजिनात जाताना ते काही सेकंद आणखी खडखडतं. तिथे घाबरून लोक हीट बंद करतात आणि इंजिन गमावतात. इंजिन सुरळीत होईपर्यंत चालूच ठेवा.

प्रश्न: हवा उडण्याजोगी आहे, विमान ताब्यात आहे, पण टॅबलेट बंद पडला आणि खालचं काही ओळखू येत नाही. आता?

हा पहिला प्रकार, आणि यात तुमच्याकडे वेळ आहे. घड्याळ बघा, वेळ लिहा, इंधन किती मिनिटांचं आहे ते लिहा. मनात येईल त्या दिशेने वळू नका. दिशा सारखी बदलली की मागचा हिशेबही जातो.

आधी डायरेक्शनल जायरो होकायंत्राशी जुळवा. तो घर्षणाने आणि पृथ्वीच्या फिरण्याने सरकतो, दर १० ते १५ मिनिटांनी जुळवावा लागतो, आणि गडबडीत हेच राहून जातं. जुळवताना पंख सपाट आणि वेग स्थिर हवा. वळणात आणि वेग बदलताना होकायंत्र खोटं दाखवतं. टॅबलेट, फोन किंवा हेडसेट होकायंत्राजवळ ठेवला असेल तर बाजूला करा.

मग शेवटची खात्रीची खूण आणि तिची वेळ. ९० नॉट म्हणजे मिनिटाला दीड सागरी मैल. २० मिनिटं झाली असतील तर ३० मैल. त्या अंतरावर रेघ ओढून तिच्याभोवती अंतराच्या दहा टक्के त्रिज्येचं वर्तुळ काढा, तुम्ही बहुधा त्यात आहात. वारा पूर्वानुमानापेक्षा वेगळा असेल तर वर्तुळ वाऱ्याच्या दिशेने सरकवा. २० नॉटचा आडवा वारा हिशेबात न धरता अर्धा तास उडलात तर १० मैल बाजूला गेलेले असता.

खूण सापडली की साठाचा नियम लावा: ६० मैलांवर १ मैल बाजूला म्हणजे १ अंशाची चूक. ३० मैलांत ४ मैल भरकटलात तर चूक ८ अंशांची. अजून ४० मैल जायचे असतील तर मुक्कामाला मिळायला आणखी ६, म्हणजे एकूण १४ अंशांनी दिशा बदलायची.

खुणा ओळखताना क्रम उलटा करू नका. आधी घड्याळावरून नकाशावर आपण कुठे असायला हवं ते काढा, तिथे काय असेल ते वाचा, आणि मग खाली शोधा. आधी खाली एक गाव बघून ते नकाशात शोधायला लागलं की कुठलं ना कुठलं गाव जुळतंच. एका खुणेवर विश्वास नको. नदीचं वळण, रेल्वे फाटा, तळं अशा तीन गोष्टी एकमेकींच्या बरोबर बाजूला असतील तरच मान्य करा. ५ डिसेंबर १९४५ रोजी फ्लोरिडाहून निघालेल्या पाच ॲव्हेंजर विमानांच्या प्रमुखाने होकायंत्रं बिघडल्याचं कळवलं आणि खालची बेटं फ्लोरिडा कीजची आहेत असं धरलं. ती बहुधा बहामाची होती. त्या समजुतीवर घेतलेल्या दिशांनी तुकडी समुद्रावर भरकटली आणि १४ जणांपैकी कोणी सापडलं नाही.

पाच-दहा मिनिटांत जुळलं नाही तर चढा आणि बोला. व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत जातो. जमिनीपासून १,००० फुटांवर तो सुमारे ४० सागरी मैल पोहोचतो, ४,००० फुटांवर जवळजवळ दुप्पट. ज्या केंद्राशी बोलत होता तिथेच सांगा, ते नसेल तर १२१.५ मेगाहर्ट्झ. 'पॅन-पॅन' (तातडीची हाक) तीनदा, मग नाव, काय झालं, शेवटची माहीत असलेली जागा, उंची, दिशा, इंधन, माणसं किती. ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) त्यांनी दिलेला कोड, कोणी ऐकलंच नाही तर ७७००. लोक शिक्षेच्या भीतीने हे वीस मिनिटं उशिरा करतात, आणि ती वीस मिनिटं इंधनाची असतात.

कोणतंही केंद्र पोहोचत नसेल तर वरून जाणारी प्रवासी विमानंही १२१.५ ऐकतात. डिसेंबर १९७८ मध्ये पॅसिफिकवर दिशादर्शक बिघडलेल्या एका सेसना १८८ ला एअर न्यूझीलंडच्या डीसी-१० ने, कॅप्टन गॉर्डन वेट यांनी, शोधलं. दोघांनी आपापलं विमान मावळत्या सूर्याकडे वळवून दिशा सांगितली, हात लांब करून सूर्य क्षितिजापासून किती बोटं वर आहे ते मोजलं आणि फरकावरून अंतर काढलं. सेसना सुमारे २३ तास हवेत राहून नॉरफोक बेटावर उतरलं.

प्रश्न: शेतात उतरणं हा पर्याय कधी धरायचा?

इंजिन चालू असताना, दिवसाउजेडी आणि इंधन अर्धा तास उरलेलं असताना. तेव्हा तुम्ही जागा निवडू शकता, दोनदा वरून बघू शकता. इंधन संपल्यावर जागा तुम्हाला निवडते. लांबी, आकार, पृष्ठभाग, उतार आणि आसपासचे अडथळे, हा बघण्याचा क्रम. पहिली फेरी ५०० फुटांवरून, दुसरी शेताच्या एका कडेने आणखी खालून, तारा आणि चर शोधत. वारा धूर, झाडं किंवा तळ्याच्या लाटांवरून. उतरताना पूर्ण फ्लॅप आणि पुस्तिकेतला आखूड धावपट्टीचा वेग. दारं आधीच किलकिली करून ठेवा, चौकट वाकली तर ती अडकतात.

प्रश्न: वैमानिकाशेजारी बसणारी मी साधी प्रवासी. मला काय करता येईल?

निघण्याआधीच सांगा की आज पोहोचलो नाही तरी चालेल, आणि खरंच तशी सोय करून ठेवा. वैमानिकावरचं निम्मं दडपण तिथेच उतरतं. हवेत खालच्या तारा, खांब आणि इतर विमानं बघत राहा. ढगात गेल्यावर मात्र बोलू नका, काही विचारू नका.

प्रश्न: उतरावं लागलं आणि कोणाला ठाऊकच नसेल, तर शोध कधी सुरू होतो?

फ्लाइट प्लॅन दिलेला असेल तर अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत खबर नसली की पहिला, शंकेचा टप्पा सुरू होतो, मग विचारपूस, मग शोध. प्लॅन नसेल तर घरच्यांनी फोन करेपर्यंत काहीच नाही. म्हणून मार्ग बदलला तर रेडिओवर सांगत चला, नाहीतर शोध चुकीच्या रेघेवर होतो.

विमानातलं आपत्कालीन बीकन ४०६ मेगाहर्ट्झचं आहे का ते तपासा. जुन्या, फक्त १२१.५ वर बोलणाऱ्या बीकनचे संदेश उपग्रह १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकत नाहीत. ४०६ चं बीकन तुमच्या नावावर नोंदलेलं हवं, तरच केंद्राला फोन करून खात्री करता येते. शेतात अलगद उतरलात तर धक्क्याचा स्विच उडत नाही, म्हणून पॅनेलवरचं बटण हाताने 'ऑन' करा. विमान उलटलं असेल किंवा शेपूट मोडलं असेल तर अँटेनाची वायर तुटलेली असू शकते. सुटी अँटेना असेल तर बीकन काढून ती लावा, उभी धरा आणि आकाश मोकळं दिसेल अशा जागी ठेवा. विमान सोडून चालत निघू नका. वरून माणसापेक्षा पंख फार आधी दिसतो.